परदेशी गेलेली मुले, लालबागचा पत्ता आणि मतदानाचा हक्क

लालबागमध्ये आयुष्य काढलेल्या आणि चाळीचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून कांदिवलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी चार माणसांविषयी एकच प्रश्न विचारला आहे. त्यांचा थोरला मुलगा सात वर्षांपासून कतारमध्ये दोहा येथे नोकरी करतो. त्याचे नाव लालबागच्या मतदार यादीत अजून आहे आणि त्याचे मतदार ओळखपत्र आईच्या कपाटात जपून ठेवलेले आहे. सून त्याच्यासोबत असते, पण तिच्या पासपोर्टवर माहेरचा, कोल्हापूरचा पत्ता आहे. मुलगी कॅनडात असून गेल्या वर्षी तिने तेथील नागरिकत्व घेतले. धाकटा मुलगा जर्मनीत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेला आहे. या चौघांना तिथूनच मत देता येईल काय, आणि येत नसेल तर निवडणुकीच्या वेळी इथे आल्यावर जुन्या ओळखपत्रावर भागेल काय, असे त्यांचे विचारणे आहे.

मतदार नोंदणीच्या कामात मुंबईत माझी बरीच वर्षे गेली, त्यात सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणूनही काही निवडणुका पार पाडल्या. त्या अनुभवावरून पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो : आज या चौघांपैकी कोणालाही परदेशात बसून मत देता येत नाही. टपालाने नाही, दूतावासात जाऊन नाही, भ्रमणध्वनीवरून तर नाहीच. परदेशस्थ भारतीयांना ऑनलाइन मतदान करता येणार असल्याचा संदेश २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी सर्वत्र फिरला होता आणि तो खोटा असल्याचा खुलासा निवडणूक आयोगाला करावा लागला होता. तोच संदेश तारीख बदलून पुन्हा आपल्या कुटुंबाच्या गटात आला तर पुढे पाठवू नये. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र चौघांसाठी चार प्रकारचे आहे.

मुळात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथेच त्याचे नाव यादीत असते. केवळ घर मालकीचे आहे म्हणून तेथील रहिवासी ठरत नाही आणि काही काळ बाहेर गेला म्हणून रहिवासीपण जातही नाही, अशी दोन्ही वाक्ये त्याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहेत. (बांधकाम संपेपर्यंत कांदिवलीत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा प्रश्न याच दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी येतो, पण तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.) नोकरीसाठी वर्षानुवर्षे परदेशी राहणारा माणूस या व्याख्येत बसत नसल्यामुळे त्याचे नाव निघत असे आणि दुसरीकडे कुठे ते लागतही नसे. ही अडचण दूर करण्यासाठी २०१० मध्ये दुरुस्ती होऊन कलम २०अ आले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने देशाबाहेर असलेला, दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व न घेतलेला भारतीय नागरिक आपल्या पासपोर्टवर भारतातील जो पत्ता आहे त्या ठिकाणच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड किंवा आखाती देशातील निवासी परवाना असल्याने यात बाधा येत नाही, कारण तो केवळ राहण्याचा परवाना आहे.

या कलमाचा भर पासपोर्टवरील पत्त्यावर आहे, आणि मुंबईत अर्ज अडतात ते नेमके याच ठिकाणी.

आपल्या थोरल्या मुलाचे नाव आज सर्वसाधारण मतदार म्हणून यादीत आहे आणि सात वर्षांत कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ते योग्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना बीएलओ म्हणतो ते, घरोघरी पडताळणीला येतात तेव्हा शेजारी सहज सांगतात की तो तर गल्फला असतो. तेवढ्या वाक्यावर त्याचे नाव अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांच्या यादीत जाऊ शकते. ही यादी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांच्या हातात असते, आणि त्यात नाव असलेला मतदार आला तर त्याची ओळख अधिक काटेकोरपणे तपासली जाते. अनेक जण जुन्या ओळखपत्रावर येतात आणि मत देऊन जातात, हे मला माहीत आहे; ते कधीतरी अंगाशी येते, हेही पाहिलेले आहे. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या माणसाने आपल्याच गावात असे अर्धवट हक्काने कशाला मत द्यायचे, हे माझे वैयक्तिक मत आहे, पण त्याला कायद्याचाही आधार आहे : खोटे प्रतिज्ञापन करून नाव लावणे किंवा राखणे यासाठी कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितलेल्या आहेत.

म्हणून त्याने नमुना ६अ, म्हणजे परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा अर्ज, भरावा. हा अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा मतदारांसाठीच्या ॲपवरून ऑनलाइन भरता येतो, टपालानेही मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. सोबत अलीकडचे रंगीत छायाचित्र आणि पासपोर्टच्या त्या पानांच्या प्रती लागतात ज्यांवर छायाचित्र, भारतातील पत्ता व अन्य तपशील आहेत, तसेच वैध व्हिसाची नोंद असलेल्या पानाचीही प्रत लागते. टपालाने पाठवताना प्रतींवर स्वतःची सही करून त्या साक्षांकित कराव्या लागतात. आधीचे मतदार ओळखपत्र अर्जासोबत परत करायचे असते, म्हणजे कपाटातले ते कार्ड बाहेर काढावे लागेल. परदेशस्थ मतदाराला नवीन ओळखपत्र मिळत नाही. त्याचे नाव यादीच्या त्या भागाच्या शेवटी वेगळ्या विभागात छापले जाते आणि मतदानाच्या दिवशी त्याचा मूळ पासपोर्ट हाच ओळखीचा पुरावा असतो. आपल्या सौभाग्यवतींना हे कार्ड देताना वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. माझ्या टेबलासमोर एका आईने तसे कार्ड देताना दोन वेळा हात मागे घेतला होता.

आता पत्त्याची अडचण. अर्ज आल्यावर बीएलओ पासपोर्टवरील पत्त्यावर जातो आणि तिथल्या नातेवाइकांकडून अर्जदाराविषयी खातरजमा करतो. लालबागला त्या पत्त्यावर आज निळे पत्रे आणि आत बांधकाम असेल. पूर्वी चाळीत दुसऱ्या मजल्यावरची खोली विचारली तर सबंध चाळ सांगत असे. आता गेटवरचा सुरक्षारक्षक एवढेच सांगतो की इथे कोणी राहत नाही. बीएलओही बहुतेक वेळा शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा महापालिकेची कर्मचारी असते, तिच्याकडे आपल्या मूळ कामाशिवाय हजाराच्या आसपास मतदारांचा यादी भाग असतो. "पत्त्यावर आढळून आला नाही" असा शेरा ती मारते यात तिचा दोष नाही.

यावर उपाय असा की अर्ज पडताळणीला जाण्याआधीच आपण कामाला लागावे. गृहनिर्माण संस्थेकडून, किंवा संस्था अजून नोंदली नसेल तर विकासकाकडून, एक पत्र घ्यावे. त्यात जुनी खोली क्रमांक अमुक, रहिवासी कुटुंब अमुक, इमारत पुनर्विकासाखाली असून त्याच भूखंडावर कुटुंबाला सदनिका मिळणार आहे, असे स्पष्ट लिहिलेले असावे. नोंदणीकृत करारनाम्याची प्रत आणि तात्पुरत्या जागेच्या भाड्याच्या पावत्या जोडाव्यात. पासपोर्टचा पत्ता ज्या भूखंडाचा आहे तो भूखंड जागेवर आहे, शिवडी विधानसभा मतदारसंघातच आहे आणि दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघातच आहे. खोली पाडली गेली म्हणून मतदारसंघ बदललेला नाही, हे नोंदणी अधिकाऱ्याला कागदावर दाखवायचे आहे. शक्य असेल तर पडताळणीच्या दिवशी आपण स्वतः लालबागला जाऊन बीएलओला भेटावे. नातेवाईक उपलब्ध नसले, किंवा ते निवेदन द्यायला तयार नसले, किंवा अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर कागदपत्रे पडताळणीसाठी त्या देशातील भारतीय दूतावासाकडे पाठवण्याची तरतूद आहे. अधिकारी अर्ज फेटाळण्याच्या बेतात असेल तेव्हा या तरतुदीची लेखी आठवण करून द्यावी. सगळ्यांना ती पाठ असतेच असे नाही. अर्ज तरीही फेटाळला गेला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत अपील करता येते.

आणखी एक सावधगिरी. परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण करताना काही जण सोयीसाठी तिथला स्थानिक पत्ता छापून घेतात. मग भारतातला पत्ताच पासपोर्टवर उरत नाही आणि कलम २०अ ला धरायला काही राहत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर अर्जात भारतातला पत्ता द्यावा आणि कोणता पत्ता छापला जाणार आहे ते सही करण्याआधी वाचून घ्यावे. २०१८ च्या सुरुवातीला पासपोर्टचे शेवटचे पान, म्हणजे पत्त्याचे पान, न छापण्याचा विचार सरकारने जाहीर केला होता आणि काही आठवड्यांतच मागे घेतला. त्या वेळी चर्चा वेगळ्याच मुद्द्यावर झाली, पण आमच्यासारख्यांना काळजी पडली ती या कलमाची.

सूनबाईंचे नाव आज कुठेच नसेल तर त्यांचाही अर्ज नमुना ६अ मध्येच, पण कोल्हापूरच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जाईल. लग्नानंतर सासरच्या घरी राहिल्या, शिधापत्रिकेवर नाव लालबागला आहे, हे सर्व इथे गैरलागू आहे. आता याचा व्यवहार पहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूरचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मुंबईचे २० मे रोजी. दोघांनी एकाच सुट्टीत येऊन आपापले मत द्यायचे ठरवले असते तर मध्ये तेरा दिवस काढावे लागले असते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला, मतदान होते, म्हणजे तेव्हा एकाने लालबाग आणि दुसरीने कोल्हापूर गाठायचे. त्यापेक्षा सूनबाईंनी आपल्या पासपोर्टवर पतीचा पत्ता नोंदवून घेऊन नंतर नमुना ६अ भरणे सरळ आहे. मात्र पुनर्विकास पूर्ण झाल्यावर नवीन सदनिकेचा पत्ता मिळणार असेल आणि दोघांचेही पासपोर्ट पुढेमागे बदलायचेच असतील, तर हे काम दोन वेळा करू नये. कोल्हापूरला नाव असेल तर एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत राहता कामा नये, हेही ध्यानात असावे.

मुलीच्या बाबतीत उत्तर कठोर आहे, पण अगदी स्पष्ट आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्याच क्षणी भारताचे नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा आदेश निघावा लागत नाही. तिने घेतलेले, किंवा पुढे घेणार असलेले, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड हे नावात 'सिटिझन' असले तरी नागरिकत्व नव्हे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ७ब मध्ये या कार्डधारकाला मतदार म्हणून नोंदणीचा हक्क नाही असे लिहिलेले आहे. लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ याच कार्डाबद्दल होतो, आणि त्याला ते नावच कारणीभूत आहे. तिचे नाव लालबागच्या यादीत अजून असेल तर नमुना ७ भरून ते वगळून घ्यावे. भारतात आल्यावर ते नाव वापरून मत देणे हा गुन्हा आहे, आणि एकदा बोटाला शाई लागली की तो गुन्हा नाकारायला जागाही राहत नाही.

धाकट्या मुलाबाबत मी कमी ठाम आहे. कलम २०अ मध्ये शिक्षणाचा शब्दशः उल्लेख आहे, त्यामुळे तो नमुना ६अ भरू शकतो. पण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मधल्या सुट्टीत घरी येणे, परत येण्याचा इरादा, हे सर्व पाहता तो तात्पुरता अनुपस्थित आहे आणि घरचा सर्वसाधारण रहिवासी राहिला आहे, असेही म्हणता येते. शिक्षण संपवून नोकरीसाठी तिथेच राहण्याचा विचार झाला की मात्र नमुना ६अ कडे वळावे. तोवर त्याचे नाव आहे तिथे राहू द्यावे आणि बीएलओने विचारले तर खरी परिस्थिती सांगावी. याच तर्काने व्यापारी जहाजांवर सहा-आठ महिने जाणारे खलाशी आणि अधिकारीही घरच्या यादीतच राहतात. मुंबईत असे कुटुंब जवळपास प्रत्येक वाडीत सापडेल. मात्र त्यांना सैनिकांसारखी टपाली मतपत्रिका मिळत नाही, याचे त्यांना नेहमी आश्चर्य वाटते.

हे आश्चर्य रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सेवा मतदार ही व्याख्या ठरावीक लोकांपुरती आहे : सशस्त्र दलातील व्यक्ती, राज्याबाहेर नेमलेले राज्य सशस्त्र पोलीस, आणि भारत सरकारच्या सेवेत देशाबाहेर नेमणूक झालेले कर्मचारी. म्हणजे दोहा येथील आपल्या दूतावासातला कारकून तिथून मत देऊ शकतो आणि त्याच शहरातला आपला मुलगा देऊ शकत नाही. सेवा मतदारांना २०१६ पासून मतपत्रिका संगणकीय मार्गाने जाते. मतदार ती उतरवून घेतो, छापतो, खूण करतो, प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार अधिकाऱ्याची सही घेतो आणि पाकिटात घालून टपालाने परत पाठवतो. मतमोजणी सुरू होण्याच्या वेळेआधी ती पोहोचली तरच मोजली जाते. जाताना वीज, येताना टपाल, असा हा अर्धा रस्ता आहे. सशस्त्र दलातील व्यक्तींना याऐवजी आपल्या मतदारसंघातील एखादा प्रतिपत्री (प्रॉक्सी), म्हणजे आपल्या वतीने मत देणारी व्यक्ती, नेमण्याचाही पर्याय आहे, आणि त्या प्रतिपत्रीच्या तर्जनीऐवजी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावली जाते, म्हणजे त्याचे स्वतःचे मत वेगळे राहते.

परदेशस्थ नागरिकांनाही असे काही मिळावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, आयोगाची समिती नेमली गेली, आणि प्रतिपत्री मतदानाची तरतूद असलेले विधेयक ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने मंजूरही केले. राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने सेवा मतदारांची संगणकीय पद्धत परदेशस्थांनाही लागू करण्याचा प्रस्ताव सरकारला पाठवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारच्या आश्वासनाची नोंद घेऊन याचिका निकाली काढल्या. प्रतिपत्रीची कल्पना मला स्वतःला कधीच पटली नाही. घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातात मुलासुनेची मते देणे म्हणजे गुप्त मतदानाचा अर्थच जाणे, आणि ज्याला दहा जणांची मते एकत्र मिळतात त्याच्या दारात उमेदवार येणारच. टपाली मतपत्रिका अधिक योग्य आहे, मात्र प्रतिज्ञापत्र साक्षांकित कोण करणार हा प्रश्न सुटल्याशिवाय ती आखाती देशांतील कामगार छावण्यांतील माणसापर्यंत पोहोचणार नाही. दूतावासात जाण्यासाठी एक दिवसाचा पगार बुडवायला लागणार असेल तर ती सोय उच्च पगाराच्या मंडळींचीच राहील.

तोवर परिस्थिती काय आहे ते आकड्यांवरून कळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी. त्यांपैकी २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ जणांची नोंद होती आणि १७ जणांनी मत दिले. केरळमधल्या माणसाचे गावाशी नाते आपल्यापेक्षा घट्ट आहे असे मला वाटत नाही. आखातातून कोळिकोडला येणे जवळचे आहे आणि तिथल्या संस्था, संघटना ही नोंदणी आणि प्रवास गंभीरपणे घेतात. इथे एक सूचना : कोणी पक्ष किंवा उमेदवार तिकीट काढून द्यायला तयार झाला तर ते घेऊ नये. मतदारांना मोफत वाहतूक किंवा आमिष देणे हा निवडणूक कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे आणि त्याचा त्रास घेणाऱ्यालाही होऊ शकतो.

आपल्या थोरल्या मुलाने यायचे ठरवले तर वेळेचा हिशेब असा. विधानसभेची २०२४ ची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत कोणतेही नाव चढत नाही, आणि दूतावासाकडे कागद जाऊन येण्यात किती दिवस लागतील हे कोणाच्या हातात नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये, अर्ज आजच करावा. तिकीट काढण्याआधी यादीत आपला विभाग आणि अनुक्रमांक तपासावा. मूळ पासपोर्ट सोबत लागतोच, छायाप्रत चालत नाही. त्याच आठवड्यात तो व्हिसाच्या शिक्क्यासाठी कुठे जमा असेल तर येण्याला अर्थ नाही. केंद्रावर पोहोचल्यावर आपल्या नावाने आधीच कोणी मत दिल्याचे कळले तर वाद घालून परत फिरू नये. ओळख पटवून दिल्यास केंद्राध्यक्षांनी त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची असते, ती यंत्राऐवजी कागदावर असते आणि वेगळ्या पाकिटात ठेवली जाते.

त्याला कायमचे परत यायचे झाले तर ही बाब नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचे वचन त्याने नमुना ६अ मध्येच दिलेले असते. परत आल्यावर साधा नमुना ६ भरून, जिथे तो खरोखर राहील त्या ठिकाणी, मग ते लालबाग असो की कांदिवली, नव्याने नाव नोंदवावे, आणि त्या वेळी त्याला नवीन ओळखपत्रही मिळेल.